इतिहासाचार्य राजवाडे कोणत्या कॉलेजात प्राध्यापक होते? आणि त्यांचं नाव धुळ्याच्या संस्थेला कसं?

कोणत्याच नाही. वि. का. राजवाडे काही काळ पुण्यात शाळामास्तर होते, पण कॉलेजात त्यांनी कधी इतिहास शिकवला नाही. ‘इतिहासाचार्य’ ही लोकांनी दिलेली पदवी. घोटाळा होतो तो त्यांच्या कामाच्या आवाक्यामुळे. गावोगाव फिरून, वाड्यांच्या माळ्यांवर कुजत पडलेली दप्तरं मिळवून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड काढले. पहिला १८९८ साली, पानिपतच्या आधीच्या दशकातल्या पत्रांचा. अस्सल कागद आधी, बखर नंतर, ही शिस्त मराठीत त्यांनी रुजवली. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ (१९१०) स्थापण्यातही ते होते, पुढे मतभेद झाले. स्वभाव तापट, एका जागी फार काळ टिकणारे ते नव्हतेच. शेवटी धुळ्याला आले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तिथेच वारले. मागे राहिलेले कागद आणि टिपणं जपायला १९२७ मध्ये राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. आम्हा धुळेकरांना ते वस्तुसंग्रहालय म्हणून जास्त ठाऊक, पण खरा ऐवज हस्तलिखितांचा.

एक मात्र ध्यानात ठेवा: त्यांनी छापलेली पत्रं आजही संशोधकांच्या कामाची आहेत, पण प्रस्तावनांमधले निष्कर्ष, विशेषतः जातिवर्णाबद्दलचे आणि शब्दांच्या व्युत्पत्तीचे, जसेच्या तसे परीक्षेत उतरवू नका. त्यातले बरेच पुढच्या अभ्यासकांना पटलेले नाहीत.