नाळेच्या रक्तातल्या स्टेम सेल लॅबमध्ये वाढवून मोठ्या माणसाला देता येतात का?

हो, पण सरसकट नाही. नाळेच्या रक्तातल्या पेशी निकोटिनामाइडसोबत (बी3 जीवनसत्त्वाचा एक प्रकार) वाढवून केलेलं ओमिडुबिसेल हे उपचार-उत्पादन अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधं मंजूर करणारी सरकारी संस्था) 2023 मध्ये रक्ताच्या कर्करोगाच्या 12 वर्षं आणि त्यापुढच्या रुग्णांसाठी मंजूर केलं. मी परळच्या एका लॅबमध्ये याच पेशी वाढवते. नुसती संख्या वाढवणं फार अवघड नाही. काही दिवसांत प्लेट भरते, पेशींचं पोषक द्रव, म्हणजे गुलाबी मीडियम, पिवळं पडतं, पण बहुतेक पेशी तोवर स्टेम सेल राहिलेल्याच नसतात, पुढच्या रक्तपेशी व्हायला लागतात. स्टेम सेलची खूण मानलं जाणारं पेशीवरचं प्रथिन, सीडी34, दिसलं म्हणून भरवसा ठेवता येत नाही. पेशी उंदराला द्यायच्या, काही महिन्यांनी त्याच्या मज्जेत मानवी रक्त तयार होतंय का ते बघायचं, मग तिथून काढून दुसऱ्या उंदराला द्यायच्या. तिथेही रुजल्या तर खऱ्या. 2019 मध्ये मीडियममधल्या अल्ब्युमिन या प्रथिनाऐवजी पीव्हीए (हो, गोंदात असतं तेच पॉलिमर!) वापरून उंदराच्या अशा पेशी महिनाभर वाढवता आल्या, माणसाच्या पेशींना मात्र तीच कृती जशीच्या तशी चालली नाही. तुमच्या घरी कुणाला आत्ता स्टेम सेलचं (बोन मॅरो) प्रत्यारोपण सांगितलं असेल, तर यासाठी थांबू नका. मुंबईतल्या डॉक्टरांना दाता म्हणून पूर्ण जुळणाऱ्या भावंडाबद्दल, नाहीतर अर्ध्या जुळणाऱ्या आईवडिलांबद्दल आधी विचारा.