गुरूविना रोज घरी ध्यान केल्याने अपाय होतो का, आणि खरोखर काही फायदा होतो का?

हा प्रश्न माझे थोरले बंधू मला गेली अकरा वर्षे विचारत आहेत, किंबहुना विचारत नाहीत, ऐकवत आहेत. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

अकरा वर्षांपूर्वी माझी झोप उडाली होती, म्हणून मी पहाटे मांडी घालून, डोळे मिटून श्वास मोजण्याचा क्रम सुरू केला. एक ते दहा मोजायचे आणि मध्येच लक्ष भटकले की पुन्हा एकपासून. पहिले काही दिवस मी चारच्या पुढे क्वचितच गेलो. दुसऱ्या आठवड्यात हट्टाने पाऊण तास बसलो आणि गजर वाजताच ताडकन उठलो. डावा पाय गुडघ्याखाली पार बधिर झाला होता, तो आपला आहे हेच कळेना. पाऊल मुडपले आणि कपाळ कपाटाच्या मुठीवर आपटले. भुवईवर तीन टाके पडले. दादांनी मात्र सगळ्या नातेवाइकांत निदान जाहीर केले की, गुरूविना ध्यान केले, शक्ती झेपली नाही. मांडीखाली दबलेल्या मज्जातंतूला एवढा मान क्वचितच कोणी दिला असेल! त्यानंतर मी खुर्चीत बसू लागलो, वेळ वीस मिनिटांवर आणली, आणि आजतागायत पुन्हा पडलेलो नाही.

श्वासाकडे दहा-वीस मिनिटे लक्ष देत बसायला कोणाची दीक्षा लागत नाही, हे माझे ठाम मत आहे. फायद्याबद्दल म्हणाल, तर २०१४ साली ‘जामा इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकात ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. सजगतेच्या (म्हणजे श्वासाकडे किंवा चालू क्षणाकडे लक्ष ठेवण्याच्या) ध्यानाने चिंता, नैराश्य आणि वेदना काही अंशी कमी होतात असे त्यात दिसले, पण व्यायाम किंवा औषधांहून ते सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. त्यामुळे ध्यानाने सर्व व्याधी पळतात असे सांगणारे माझ्या लेखी दादांच्याच माळेतले मणी. माझी झोप दोनेक महिन्यांत बरीच सुधारली, आणि उलट उत्तर देण्यापूर्वी एक श्वास जाईल एवढी फट मिळू लागली. (दादांशी बोलताना ती अजूनही अपुरी पडते.)

एक गोष्ट मात्र राहिली. २०२० सालच्या एका आढाव्यात ध्यान करणाऱ्यांपैकी सुमारे ८ टक्के लोकांना त्रास झाल्याचे आढळले, त्यात चिंता आणि उदासी अधिक. बसल्यावर धडधड वाढली, तर डोळे उघडून सरळ उठावे, नेटाने रेटू नये. ज्यांना भ्रम, उन्माद किंवा जुन्या आघाताचा त्रास आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे आणि चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. दिवसचे दिवस मौन पाळून तासन्‌तास बसायचे असेल, तर लक्ष ठेवणारे जाणकार माणूस जवळ हवेच. एवढ्यापुरते दादांचे म्हणणे बरोबर आहे, मात्र हे त्यांना कोणी कळवू नये.