समुपदेशनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमातील सर्वसमावेशक परीक्षेची तयारी कशी करावी?

अमेरिकेतील विद्यापीठात समुपदेशनाचे शेवटचे वर्ष आणि प्रात्यक्षिकाचे तास सांभाळून सीपीसीई (Counselor Preparation Comprehensive Examination) या सर्वसमावेशक परीक्षेची तयारी कशी करावी, त्यासाठी आजवरची सगळी टिपणे पुन्हा वाचावीत का, असे तुम्ही विचारले आहे. मी ही परीक्षा दिलेली आहे आणि माझे मत ठाम आहे: पहिल्या टिपणापासून उजळणीला बसू नका, आधी परीक्षेची रचना नीट समजून घ्या.

आठ विषयांवर प्रत्येकी 20, असे एकूण 160 प्रश्न असतात. प्रत्येक विषयातील 17 प्रश्नच गुणांसाठी धरले जातात, म्हणून एकूण गुण 136. याचा अर्थ असा की, संशोधन पद्धती आणि चाचण्या व मूल्यमापन या विषयांना समुपदेशनाच्या कौशल्यांइतकेच वजन आहे. आपण बहुतेक जण माणसांशी बोलण्याच्या ओढीने या क्षेत्रात येतो, त्यामुळे मोकळा वेळ मिळाला की हात आपसूक व्यक्तिकेंद्री उपचारपद्धतीचे रॉजर्स किंवा बोधात्मक उपचारपद्धतीचे बेक यांच्याकडे वळतो आणि आकडेवारी मागे राहते. वास्तविक सर्वात लवकर गुण वाढतात ते तिथेच. सामान्य वितरणाचा (घंटेच्या आकाराचा) वक्र स्वतः काढा आणि त्याखाली झेड-गुण (सरासरीपासून किती प्रमाण विचलने दूर), टी-गुण (तेच अंतर वेगळ्या मापात) आणि पर्सेंटाइल (किती टक्के लोक त्या गुणाखाली आहेत) एकाखाली एक लिहा. टी-गुणांची सरासरी 50 आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप) 10 असते; म्हणून 60 म्हणजे सरासरीच्या एक प्रमाण विचलन वर, साधारण 84वे पर्सेंटाइल. हा तक्ता न पाहता काढता येईपर्यंत पुन्हा पुन्हा काढा, कारण त्यावरचे प्रश्न पाठांतराने नव्हे, समजुतीने सुटतात.

सिद्धान्तांच्या बाबतीत एकेक विचारवंत सुटा वाचण्यापेक्षा जवळपासचे दोघे समोरासमोर ठेवून वाचावेत: विकासाचे टप्पे सांगणारे एरिक्सन आणि पियाजे, व्यवसाय-निवडीचे सिद्धान्त मांडणारे हॉलंड आणि सुपर. प्रश्नात नाव क्वचितच विचारले जाते. एखादा प्रसंग दिलेला असतो आणि तो कोणाच्या चौकटीत बसतो, हे ओळखायचे असते. सराव प्रश्न सोडवताना बरोबर उत्तरावर खूण करून पुढे जाऊ नका, उरलेले तीन पर्याय का चुकीचे आहेत, हे प्रत्येकी एका वाक्यात लिहा. सरावातला हा भाग कंटाळवाणा आहे, पण तो टाळू नका.

नीतिसंहितेत मुदती आणि अपवाद नेमके लक्षात ठेवावे लागतात. अमेरिकन कौन्सेलिंग असोसिएशनच्या 2014च्या संहितेनुसार पूर्वीच्या अशिलाशी (समुपदेशन घेतलेल्या व्यक्तीशी) प्रणयसंबंध ठेवण्यास शेवटच्या व्यावसायिक संपर्कापासून 5 वर्षे मनाई आहे. मानसशास्त्रज्ञांच्या संहितेत हीच मुदत 2 वर्षांची आहे, आणि दोन्ही आकडे पर्यायांत शेजारी आले की गोंधळ उडतो.

उत्तीर्ण होण्याचे गुण प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरवते. तेव्हा ते किती आहेत आणि अनुत्तीर्ण झाल्यास पुन्हा कधी बसता येते, हे विभागाकडून आताच लेखी विचारून घ्या, म्हणजे पदवीची तारीख त्याप्रमाणे आखता येईल.