पुण्यातल्या पर्वती टेकडीवरचं पेशवे संग्रहालय: पहिल्यांदा जाताय?

१०३ पायऱ्या ऐकून घाबरू नका. पायऱ्या रुंद आहेत, पण उतरत्या दगडाच्या; पावसात गुळगुळीत तळव्याची चप्पल हमखास दगा देते. गुडघे दुखणाऱ्यांनी उतरताना कडेने, तिरकं उतरावं.

बहुतेक जण आधी देवदेवेश्वराचं दर्शन, मग फोटो, आणि दमल्यावर संग्रहालय असं करतात. तिथेच चुकतं. संग्रहालय आधी बघा. उन्हातून आत गेल्यावर दोन मिनिटं थांबा. डोळे सरावल्याशिवाय नाण्यांवरची अक्षरं लागत नाहीत. फोटोला परवानगी असेल, तरच मोबाइल काढा; काचेला टेकवून धरला की चकाकी येत नाही, फ्लॅश मात्र बंदच. शस्त्रांपुढे सगळे रेंगाळतात, पण माझ्या मते रोजच्या वापरातली भांडी जास्त बोलकी आहेत. तिकिटासाठी सुटे पैसे ठेवा.

टेकडीवरचं देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधलं आणि १७६१ मध्ये, पानिपतानंतर, त्यांचा अंतही पर्वतीवरच झाला. एवढं माहीत असलं की वस्तू नुसत्या जुन्या वाटत नाहीत. खडकीची लढाई (५ नोव्हेंबर १८१७) दुसऱ्या बाजीरावाने इथूनच पाहिली. खडकी उत्तरेला आहे, अंतराचा अंदाज घेऊन बघा.

देखाव्यासाठी वेळ निवडा. सारसबाग आणि पेठांकडे दुपारनंतर ऊन मागून पडतं, तेव्हा फोटो स्वच्छ येतो. नैर्ऋत्येचा सिंहगड सकाळी. हिवाळ्यात भल्या सकाळी धुरकंच जास्त असतं, त्यामुळे पावसाने उघडीप दिलेला दिवस सर्वांत चांगला. पाणी खालूनच घ्या.