जीपची कंपनी इतक्या वेळा विकली गेली, मग भरवशाची जीप नेमकी कोणाची? शेतावर फिरवायला जुनी घ्यावी का?

मालक बदलला की माल बिघडतो, हे तुम्ही प्रश्नातच धरून चालला आहात. हेच वाक्य मी आमच्या थोरल्या काकांच्या तोंडून २००३ पासून ऐकतोय, म्हणून लिहायला बसलो.

आधी मालकांचं उरकतो. जीप पहिल्या दिवसापासून एका घरची नव्हतीच. १९४० मध्ये अमेरिकी लष्कराला पहिला नमुना करून दिला बँटम नावाच्या छोट्या कंपनीनं, आणि मोठी ऑर्डर गेली विलीजला, जोडीला फोर्डला. युद्धात या दोघांनी मिळून सहा लाखांवर गाड्या काढल्या, त्याही अशा की हिचा भाग तिला बसावा. बिचाऱ्या बँटमच्या वाट्याला मागची ट्रेलरं आली. पुढे १९५३ ला कायझर, १९७० ला एएमसी, १९८७ ला क्रायस्लर, मग डेमलर, मग एक गुंतवणूकवाली कंपनी, मग फियाट, आणि २०२१ पासून स्टेलांटिस. एवढी घरं फिरूनही एएमसीच्या काळात आलेलं चार लिटरचं सहा सिलिंडरी इंजिन क्रायस्लर आणि डेमलरच्या हाताखाली २००६ पर्यंत निघत राहिलं, आणि तिकडचे जीपवाले अजून त्याच्यावर जीव टाकतात. मालक बदलले म्हणून ते इंजिन बिघडलं नाही.

आपल्याकडची गोष्ट वेगळी. महिंद्रानं १९४७ पासून मुंबईत विलीजचे सुटे भाग जोडायला घेतले. (तेव्हा कंपनीचं नाव महिंद्रा अँड मोहम्मद. यातले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले.) उंच बॉनेटची सीजे ३बी (सीजे म्हणजे सिव्हिलियन जीप, लष्कराबाहेरची) अमेरिकेत १९६८ ला थांबली, इथं मात्र पुढंही कित्येक वर्षं निघत होती. अंगाखांद्यानं जीप तीच राहिली, पोटातलं इंजिन बदललं. आधी विलीजचं पेट्रोल, मग इंटरनॅशनल या कंपनीच्या बी-२७५ ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल, मग एमएम ५४० या मॉडेलमध्ये प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या परवान्यावरचं २११२ सीसीचं.

आमची एमएम ५४० होती. वडिलांनी आणि काकांनी मिळून सेकंडहँड घेतलेली, केए-२२, म्हणजे बेळगाव पासिंग. २००३ चा जून. चुलत बहिणीचं पाचपरतावणं आटपून तिला आणि दाजींना कणकुंबीकडं सोडायला निघालो. मागं काकू, दोन बुट्ट्या लाडू-करंज्या, एक फणस. जांबोटी ओलांडली आणि पाऊस असा लागला की वायपर हलतोय की नाही ते कळेना. तिथं गाडी गपकन बंद. स्टार्टर मारला की लागते, अर्धा किलोमीटर जाते, पुन्हा बंद. बॉनेट उघडून डिझेलचा हँडपंप मारला की पुन्हा अर्धा किलोमीटर. असं नऊ-दहा वेळा झालं. शेवटी नवे कोरे दाजी शर्टाच्या बाह्या सारून पंप मारायला उभे राहिले, आणि जावयाला डिझेलानं माखलेला बघून काकांचा जो चेहरा झाला तो मी जन्मात विसरणार नाही. अखेर मंडळींना लाल बसमध्ये बसवून दिलं. फणस जीपमध्येच राहिला.

काका रस्त्यावर उभं राहून ओरडले, "आरं, इंजिन फ्रेंचांचं हाय, आमच्या पावसात कुठलं चालतंय! विलीजनं जीप सोडली तवाच जीप मेली." पंधरा दिवसांत त्यांनी ती खानापूरकडच्या एका वीटभट्टीवाल्याला ४२ हजारांना देऊन टाकली. वडिलांना नीट विचारलंसुद्धा नाही.

त्या भट्टीवाल्यानं ती बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मेस्त्रीकडं नेली. मी त्यांच्याकडं सुट्टीत काम शिकायला जायचो. त्यांनी मला बोलावून विचारलं, "डिझेल फिल्टर कुणी बदललावता?" मीच. प्रवासाच्या आधीच्या रविवारी. नवा फिल्टर घातला, पण बँजो बोल्टचे (डिझेलची नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर जुनेच परत लावले. ते एकदा दाबले गेले की पुन्हा नीट बसत नाहीत. तिथून लाईन हवा ओढत होती, एवढंच. चार-पाच रुपयांचा माल.

काकांना हे सांगायला मला आठ वर्षं लागली. २०११ च्या गणपतीत आरतीनंतर सांगितलं. ते म्हणाले, "वॉशर पण फ्रेंचच आसणार."

तर तुमच्या प्रश्नावर माझं रोखठोक मत असं, की बॉनेटवरचं नाव बघून जीप घेणारा माणूस आधी फसतो आणि मग कंपनीला शिव्या देतो. विशेषतः 'ओरिजिनल विलीज, मिलिटरी डिस्पोजल' म्हणून बेळगावात कुणी दाखवली तर आधी समोरच्या जाळीच्या फटी मोजा. युद्धातल्या पत्र्याच्या जाळीला नऊ फटी असतात, सीजेला सात. बॉनेट उंच असेल तर ती ३बी आहे, विकणारा कितीही शपथा घेवो. मग खाली वाका आणि चासीचा गंज बघा, विशेषतः कणकुंबी-चोर्ला भागात फिरलेली असेल तर. फोर बाय फोर टाकून चिखलात चालवून बघा. लिव्हर हलतो म्हणजे पुढची चाकं ओढतात असं नव्हे.

चंदगडकडची, म्हणजे महाराष्ट्रातली एमएच-०९ गाडी स्वस्त वाटते. तिची एनओसी आणि इथला रोड टॅक्स धरलात की स्वस्ताई बरीच आटते. पंधरा वर्षं उलटलेली असेल तर आरसीचं नूतनीकरण झालंय का तेही पाहा.

आणि आरसीवरचा इंजिन नंबर इंजिनाशी ताडून बघा. हे सांगायचं कारण म्हणजे मागच्या वर्षी खानापूरच्या बाजारात आमची जीप मला दिसली. तोच नंबर, रंग हिरव्याचा पांढरा झालेला, मागं कोंबड्यांची खुराडी. मी मोठ्या हौसेनं मालकाला बॉनेट उघडायला लावलं. आत महिंद्राचं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) डिझेल इंजिन. प्यूजोचे पार्ट मिळवता मिळवता कंटाळून आधीच्या मालकानं बदललेलं, आरसीवर मात्र नोंद नाही.

म्हणजे आता एक मान्य करावं लागतं. इंजिन चांगलं असून भागत नाही, पार्ट आपल्या गावात मिळाला पाहिजे. त्यामुळं रोज शेतावर जायचं असेल तर डीआय इंजिनाची महिंद्रा मेजर किंवा त्याच इंजिनाची २०१० नंतरची थार बघा. एमएम ५४० फक्त मेस्त्री ओळखीचा असेल तरच. २०२० नंतरची थार किंवा रांजणगावात बनणारी कंपास मी स्वतः वापरलेली नाही, आणि शेणखत वाहायला ती कोण घेणार?

डीआयचं काकांना अजून कळलेलं नाही. तुम्ही इकडचेच असाल तर कृपया कुठं बोलू नका.