वाचकांचे प्रश्न : क्विक रिलीजची दांडी कोणत्या धातूची असावी?

प्रश्न : माझ्याकडे जुनी पोलादी रोड सायकल आहे आणि तिच्या मागच्या चाकाचा एक्सल (आस) ज्यांत बसतो त्या सांगाड्याच्या खाचा आडव्या आहेत. जालन्याहून वेरूळला जाताना दौलताबादच्या चढावर उभे राहून पॅडल मारले की मागचे चाक तिरके होते आणि टायर सांगाड्याच्या डाव्या नळीला घासतो. सध्या ॲल्युमिनियमच्या हलक्या क्विक रिलीज (लिव्हर मिटून चाक खाचेत आवळणाऱ्या दांड्या) बसवल्या आहेत. त्याऐवजी टायटॅनियमच्या घ्याव्यात का? की जालन्यात एवढे पोलाद तयार होते, तर सळई आणून लेथवर दांडी करून घ्यावी?
– एक वाचक, जालना

उत्तर : आपण टायटॅनियम घेऊ नये आणि लेथवर दांडीही करून घेऊ नये. पोलादी दांडी, बंदिस्त कॅम (लिव्हर मिटताना दांडी ओढणारा भाग) आणि दातेरी पोलादी नट असलेली साधी क्विक रिलीज घ्यावी. ती काही ग्रॅम जड असेल, पण आपला त्रास तिनेच जाईल.

चाक सरकते ते साखळीच्या ओढीने. सुमारे ७० किलो वजनाचा स्वार १७० मिलिमीटरच्या क्रँकवर (पॅडलच्या दांड्यावर) उभा राहून सगळा भार टाकतो, तेव्हा ३९ दात्यांच्या चेनरिंगवर (पॅडलजवळच्या दातेरी चकतीवर) साखळीचा ताण जवळजवळ १५० किलो वजनाइतका होतो. ही ओढ एक्सलच्या उजव्या टोकाला पुढे खेचते आणि म्हणून टायर डावीकडे वळतो. उभ्या खाचेत एक्सल खाचेच्या कडेला अडतो. आडव्या खाचेत मात्र त्याला धरून ठेवायला दोन्ही बाजूंच्या दाबाशिवाय काहीही नसते, आणि हा सगळा दाब पोकळ एक्सलमधून जाणारी ५ मिलिमीटर जाडीची दांडी निर्माण करते.

आता धातूंकडे वळू. दांडी किती ताणानंतर तुटेल, हा येथे मुख्य प्रश्न नाही. त्या बाबतीत चांगले टायटॅनियम मिश्रधातू पोलादाच्या तोडीचे असतात. दिलेल्या ताणाखाली दांडी किती लांबते, हे पाहायला हवे. पोलादाचा ताठरपणा सुमारे २०० गिगापास्कल, टायटॅनियमचा ११० च्या आसपास आणि ॲल्युमिनियमचा ७० असतो. मागच्या चाकाची दांडी सुमारे १४० मिलिमीटर लांब धरली आणि तिच्यावर ५,००० न्यूटन ताण आणला, तर पोलादी दांडी अंदाजे ०.१८ मिलिमीटर लांबेल आणि टायटॅनियमची ०.३२ मिलिमीटर. लिव्हर मिटताना कॅम दांडीला जेवढी ओढतो ते अंतर मुळातच थोडे असते. त्यातला मोठा वाटा दांडी लांबण्यातच गेला, तर नट त्याच जागी असताना खाचेवरचा दाब कमी पडतो. उभ्या खाचांच्या सायकलवर हे खपून जाते, आपल्या सायकलवर खपणार नाही.

बाजारात ज्यांना ॲल्युमिनियमच्या क्विक रिलीज म्हणतात, त्यांतल्या बहुतेकांची लिव्हर आणि नट तेवढे ॲल्युमिनियमचे असतात, दांडी पोलादीच असते. आपली कशाची आहे ते लोहचुंबकाने पाहावे. मात्र काही स्टेनलेस पोलादालाही चुंबक धरत नाही, एवढे लक्षात ठेवावे. दांडी पोलादी निघाली तरी आपला दोष तिथे संपत नाही. ॲल्युमिनियमच्या नटाचे दाते पोलादी खाचेत रुतत नाहीत, उलट स्वतःच झिजून गुळगुळीत होतात. शिवाय हलक्या नमुन्यांत कॅम बहुधा उघडा असतो आणि लिव्हर प्लास्टिकच्या वाटीवर घासत फिरते. हाताचा बराच जोर त्या घर्षणातच खर्च होतो आणि लिव्हर घट्ट लागली असे वाटूनही दाब अपुरा राहतो. बंदिस्त नमुन्यात छोटा पोलादी कॅम टोपीच्या आत, ग्रीसमध्ये फिरतो, त्यामुळे तेवढ्याच जोरात दाब कितीतरी जास्त मिळतो. इटलीच्या तुलिओ कांपान्योलो यांनी १९३० च्या दशकात क्विक रिलीज रूढ केली आणि त्यांच्या कंपनीने पुढे बंदिस्त पोलादी कॅमच वापरला. माझ्या मते या वस्तूची त्याहून चांगली रचना अजून झालेली नाही.

आपली लेथची कल्पना जालन्याच्या माणसाला सुचणे अगदी स्वाभाविक आहे, म्हणून ती का नको याचे कारण सविस्तर देतो. जालन्याच्या रोलिंग मिलमधून मुख्यतः बांधकामाच्या टीएमटी सळया निघतात. लाल तापलेली सळई पाण्याच्या झोताखालून जाते तेव्हा तिचा बाहेरचा थर कठीण होतो आणि गाभा मऊ, लवचीक राहतो. इमारतीला हेच हवे असते. अशी ८ मिलिमीटरची सळई कातून ५ मिलिमीटर केली की तो कठीण थरच निघून जातो आणि हातात फक्त मऊ गाभा उरतो. क्विक रिलीजच्या दांडीसाठी क्रोम-मॉलिब्डेनमसारखे मिश्रपोलाद वापरतात. तिचे आटेही सहसा कापलेले नसून दाबून वळवलेले असतात, त्यामुळे आट्याच्या मुळाशी तडा जायची शक्यता कमी होते. वाळूजचा निष्णात टर्नर आटे अचूक कापून देईल यात शंका नाही; पण सारख्या ताण-ढिलाईने धातू थकतो तो नेमका त्या कापलेल्या मुळाशी.

नवी क्विक रिलीज बसवताना लिव्हर दांडीच्या रेषेत सरळ आली की तिथूनच जोर लागू लागावा, इतपत नट फिरवावा. मिटल्यावर तळहातावर तिचा वळ उमटला पाहिजे. लिव्हर स्क्रूसारखी गोल फिरवून घट्ट करणारे अनेकजण दिसतात. तसे केल्याने कॅम मुळी लागतच नाही. आणि दाब वाढला की पोकळ एक्सल किंचित आखडतो, म्हणून छर्ऱ्यांच्या हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात) चाक बाहेर असताना जरासा खेळ ठेवावा, नाहीतर बेअरिंग जड फिरेल.

प्रश्न : पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक आहे. क्विक रिलीज पुरेशी सुरक्षित आहे का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : नीट मिटलेली बंदिस्त कॅमची असेल तर आहे. कॅलिपर (डिस्कला दाबणारा ब्रेकचा भाग) पुढच्या चाकाच्या चिमट्याच्या मागच्या बाजूला असल्याने ब्रेक दाबताना एक्सलला खाचेतून खाली ढकलणारा जोर तयार होतो, म्हणून इथे हलकी उघड्या कॅमची क्विक रिलीज लावू नये. खाचेच्या तोंडाशी असलेले उंचवटे घासून काढू नयेत. लिव्हर ढिली झाली तर चाक अडते ते त्यांच्यामुळेच. आणखी एक गोष्ट तपासावी. लिव्हर पूर्ण उघडली असता ती डिस्कला टेकता कामा नये. ट्रेक कंपनीने २०१५ मध्ये याच कारणासाठी लाखो सायकली तपासणीसाठी परत बोलावल्या होत्या.

प्रश्न : पावसाळ्यात शेतरस्त्याने गेल्यावर लिव्हर जड होते. काय करावे?
– एक वाचक, लातूर

उत्तर : काळी माती उघड्या कॅमच्या वाटीत शिरून सुकते. दांडी बाहेर काढून धुवावी, आट्यांना ग्रीस आणि कॅमला पातळ तेल लावावे. शंकूच्या आकाराच्या दोन्ही स्प्रिंग परत घालताना त्यांचे अरुंद तोंड हबकडे ठेवावे. वाटीला चीर दिसली तर क्विक रिलीज बदलावी.