आंग्र्यांचे कागद लंडनमधे कुठे शोधू?

प्रश्न : ताई, मी मूळचा अलिबागचा, सध्या लंडनला एक वर्षाचं एमए करतोय. डिझर्टेशनला आंग्र्यांचं आरमार घ्यायचं ठरवलंय, गाइड म्हणतात ओरिजिनल कागद बघितलेच पाहिजेत. पार्टटाइम जॉबमुळे आठवड्यात एखादाच दिवस मोकळा मिळतो, मोडी येत नाही, आणि कॅटलॉगमधे आंग्रे टाकलं तर काहीच हाती लागत नाही. विषय बदलू का?

उत्तर : विषय अजिबात बदलू नकोस, फक्त लहान कर. कान्होजींपासून तुळाजींपर्यंत सगळं एका वर्षात होणार नाही रे, भल्याभल्यांची त्यात हयात गेलीय. तू अलिबागचा आहेस ना, मग तुझ्या समोरच्या कुलाबा किल्ल्यावर 1721 च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून चालून आले होते आणि हात हलवत परत गेले, ती एकच मोहीम घे. माझ्या मते एमएसाठी याहून चांगला विषय नाही, कारण एकाच लढाईबद्दल तीन वेगवेगळ्या लोकांनी लिहून ठेवलंय.

आता कागद कुठे आहे हे कागद लिहिला कोणी त्यावर ठरतं. मुंबईची ईस्ट इंडिया कंपनी बैठकीत काय ठरलं, कुणाचं पत्र आलं, सगळं वहीत उतरवायची आणि त्याच्या नकला जहाजाने लंडनला पाठवायची. ते सगळं आता ब्रिटिश लायब्ररीत, सेंट पँक्रसला, इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समधे आहे. पण त्या मोहिमेत कमोडोर मॅथ्यूज होता तो कंपनीचा नोकर नव्हे, रॉयल नेव्हीचा माणूस, त्यामुळे नेव्हीचे कागद लंडनमधल्याच क्यू या भागातल्या नॅशनल आर्काइव्हजमधे, अ‍ॅडमिरल्टीच्या (म्हणजे नेव्हीचा कारभार बघणाऱ्या खात्याच्या) विभागात बघायचे. पोर्तुगीजांची बाजू पणजीच्या आणि लिस्बनच्या दफ्तरात, ती सध्या छापील साधनांवर भागव.

सर्चमधे आंग्रे नाही, अँग्रिया टाक. इंग्रज कान्होजींना तेच म्हणायचे. कुलाबा, चौल, खांदेरी यांचीही दोन-तीन स्पेलिंगं करून बघ, खांदेरी केनरी म्हणून सापडेल आणि उंदेरी हेनरी. (सुवर्णदुर्गाचं सेवर्नड्रूग झालं, आणि त्या नावाचा 1784 चा बुरुज तिथे शूटर्स हिलवर आहे, एका रविवारी बघून ये, लायब्ररीच्या रीडिंग रूम तेव्हा बंदच असतात.)

सगळ्यात जपायचं ते तारखांना. 1752 पर्यंत इंग्रज जुनं कॅलेंडर वापरायचे, पोर्तुगीज नवं, म्हणजे तुझ्या लढाईचा एकच दिवस दोघांच्या कागदात 11 दिवसांच्या फरकाने येणार. त्यात इंग्रजांचं वर्ष 25 मार्चला बदलायचं. म्हणजे डिसेंबर 1721 मधे हल्ला फसला आणि पुढच्याच महिन्यात कुणी त्याबद्दल लिहिलं तर त्या पत्रावर जानेवारी 1721 असं दिसू शकतं आणि तुला वाटेल हे हल्ल्याच्या आधीचं! नोट्स काढताना मूळ तारीख आहे तशी लिही आणि शेजारी आजच्या हिशोबाची, दोन्ही. हे पहिल्या दिवसापासून केलंस तर शेवटी रडायची वेळ येणार नाही.

लायब्ररीचा रीडर पास फुकट आहे, ओळखपत्र आणि राहत्या पत्त्याचा पुरावा ने. क्यूचं तिकीटही फुकट. आत पेन चालत नाही, पेन्सिल न्यायची, बॅग लॉकरमधे. बहुतेक कागदांचे स्वतःच्या फोनने फ्लॅश न लावता फोटो काढता येतात, पण प्रत्येक फोटोसेशनची सुरुवात त्या खंडाच्या नंबरच्या चिठ्ठीच्या फोटोने कर, नाहीतर घरी गेल्यावर कुठलं पान कुठलं ते कळत नाही. आणि 2023 च्या ऑक्टोबरमधे लायब्ररीवर सायबर हल्ला झाला होता, तेव्हा त्याआधीच्या सिनिअर्सनी सांगितलेल्या पद्धतीवर जाऊ नकोस, निघण्याआधी मेल करून विचार की हा खंड मिळेल का आणि किती आधी मागवायचा. तुझा दिवस एकच आहे, तो वाया जायला नको.

मोडीचं टेन्शन लंडनच्या कामापुरतं सोड. तिथले कंपनीचे कागद इंग्रजीतच आहेत, अक्षर मात्र जुनं, पहिले काही तास जड जातील मग डोळा बसतो. मराठी बाजूसाठी पेशवे दफ्तरातले निवडक कागद इतिहासकार गो. स. सरदेसायांनी 45 खंडात देवनागरीत छापलेत, तुझ्या युनिव्हर्सिटीत नसतील तर इंटरलायब्ररी लोनवर मागव, अर्ज या आठवड्यातच टाक कारण यायला वेळ लागतो.